बकुळच्या नावावर केतकीचे डोळे

“सर, मेंदू बाहेरून दिसतो का?”

लाँच खाडीच्या मध्यावर होती. विचारणारी स्वरांगी, सातवीतली. तिला प्रश्न नेहमी खाडीच्या मध्यावरच सुचतात, कारण तिथून मला पळून जाता येत नाही.

“दिसतो,” मी म्हटलं. “फक्त एकाच जागेवरून.”

“कानातून!” “नाकातून!” मुलांनी चेहऱ्यावरची सगळी भोकं सुचवून पाहिली.

सुकाणूजवळून बकुळ ओरडली, “माझा कुठून दिसला तर मलापण दाखवा हां, सर! केतकी म्हणते, नाहीच आहे.”

मुलं खिदळली. बकुळ मयेकर ही आमच्या लाँचची तांडेल, म्हणजे चालक. खाडीच्या अलीकडे आमचं वेळवडे, पलीकडे शाळा, बाजार आणि दवाखाना असलेलं करंजवणे. लाँच आता बॅटरीवर चालते. इंजिनाची धडधड गेली, त्यामुळे बोलायला घसा ताणावा लागत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी मी पलीकडच्या शाळेत विज्ञानाचा तास घ्यायला जातो. निम्मा तास लाँचवरच होतो.

“डोळ्यातून दिसतो,” मी सांगितलं. “डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीवर एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. आईच्या पोटात बाळ घडत असतं, तेव्हा मेंदूलाच एक कोंब फुटतो, तो पुढे येतो आणि त्याचा हा पडदा होतो. म्हणजे हा मेंदूचाच तुकडा, खिडकीत येऊन बसलेला. त्याच्यावरून लाखो बारीक धागे निघतात, एका जागी गोळा होतात आणि त्यांची मोळी आत मेंदूकडे जाते. आपण जे जे बघतो, ते त्या मोळीतून आत पोचतं.”

“आणि माझी मोळी जरा कुरतडलेली आहे,” बकुळ म्हणाली आणि तिने लाँच अलगद धक्क्याला लावली.

ती हे अगदी सहज बोलते. अकरा वर्षांपूर्वी मात्र सहज नव्हतं. एके दिवशी तिचा डावा डोळा फिरवताना दुखायला लागला आणि धक्क्यावरचा लाल दिवा त्या डोळ्याला गाजरासारखा दिसू लागला. पुढे पाय जड झाले. तपासण्या झाल्या आणि नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरॉसिस, थोडक्यात एमएस.

मुलांना मी हा आजार विजेच्या वायरीवरून समजावतो. वायरीवर जसं प्लास्टिकचं वेष्टण असतं, तसं मेंदूतल्या धाग्यांवर चरबीचं वेष्टण असतं. या आजारात शरीराचे पहारेकरी, जंतूंशी लढणाऱ्या पेशी, चुकून आपल्याच वेष्टणावर तुटून पडतात. वेष्टण सोललं की संदेश अडखळतो. आणि सोललेला धागा पुढे हळूहळू मरतोसुद्धा.

मेंदूतले मेलेले धागे मोजायचे कसे? कवटी तर उघडता येत नाही. इथे ती खिडकी उपयोगी पडते. दृष्टिपटलावरचे धागे मुळातच उघडे असतात, त्यांच्यावर वेष्टण नसतं. त्यामुळे तिथल्या थराची जाडी म्हणजे निव्वळ धाग्यांची जाडी. हा थर साधारण आपल्या डोक्याच्या केसाएवढा जाड असतो. डोळ्यात मंद प्रकाश सोडायचा, तो कुठल्या थरावरून किती उशिराने परत येतो ते पाहायचं, की जाडी कळते. हे यंत्र माझ्या उमेदीतही होतं. आता ते चष्म्याच्या दुकानात आलं आहे, आणि असंख्य माणसांची वर्षानुवर्षांची चित्रं वाचून एवढं हुशार झालं आहे, की दोन डोळ्यांतला किरकोळ फरक पाहून सांगतं: इथे चोर शिरलाय, घरातल्या माणसांना अजून पत्ता नाही. त्रास सुरू होण्याच्या कितीतरी आधी.

नवा नियमही त्यातूनच आला. प्रवासी लाँच चालवणाऱ्याला एमएस असेल, तर दर वर्षी दृष्टिपटल तपासायचं. थर ठरलेल्या रेषेच्या खाली गेला, तर परवाना रद्द.

बकुळला या यंत्राची भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती केतकीला.

केतकी ही बकुळची जुळी बहीण, एकाच बीजातून झालेली. चेहरा तोच, आवाज तोच, रागावण्याची तऱ्हासुद्धा तीच. फक्त बकुळ पाण्यावरची आणि केतकी मातीतली. वेळवड्याच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी माळावर, तिची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. तिने बांधलेलं कलम सहसा मरत नाही.

एका जुळीला हा आजार झाला म्हणजे दुसरीला होतोच असं नाही. बहुतेकींना होत नाही. पण चौघींतल्या एखादीला होतो, आणि ही शक्यता इतरांच्या मानाने फार मोठी आहे. म्हणून बकुळ दोन वर्षं केतकीच्या मागे लागली होती.

“अगं, दोन मिनिटांचं काम आहे. हनुवटी टेकायची आणि हिरव्या ठिपक्याकडे बघायचं.”

“मला काही होत नाहीये. जे होत नाही ते बघायला कशाला जाऊ?”

“होत नाही हे तरी बघ.”

“तू बघ हो तुझा ठिपका. मला कामं आहेत.” एवढं बोलून केतकी जी निघायची, ती थेट सड्यावर.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला बकुळचा डावा डोळा पुन्हा दुखला. थोडे दिवस धुरकट झाला आणि निवळला. वर्षाची तपासणी एप्रिल महिन्यात होती. बकुळ लाँचवर शीळ घालायची, ती बंद झाली.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी माझ्या मोतीबिंदूसाठी करंजवण्याला डॉक्टर रझिया मुकादमांच्या दवाखान्यात गेलो. आत शिरतो तर बाकावर बकुळ बसलेली. अंगात लाँचचा निळा शर्ट, खिशावर नाव.

आता गंमत अशी, की मी नुकताच बकुळच्याच लाँचमधून उतरून आलो होतो. खिडकीतून पाहिलं तर ती धक्क्यावर माशांच्या टोपल्या चढवून घेत होती.

मी शेजारी जाऊन बसलो. “काय केतकी?”

“सर, तुम्ही मला बघितलं नाहीत.”

“बरं.”

“मी एसटीने वळसा घालून आलेय. आजच तपासणी झाली, की उद्या तिला तशीच परत पाठवतील. ती विचारेल तर सांगू नका.”

“शर्ट?”

“दोरीवरून घेतला.” तिच्या अंगठ्यावर कलमाच्या चाकूची जुनी खूण होती. ती लपवायला तिने मूठ मिटली. “सर, तिची लाँच गेली ना, तर ती बसून खचेल. ती खडक वासावरून ओळखते हो. यंत्राच्या आकड्याला ते कळतं का?”

“आणि आकडा खरा निघाला तर? त्या लाँचमध्ये स्वरांगी बसते. मी बसतो.”

केतकीने खिडकीतून धक्क्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “एकच वर्ष. तेवढ्यात तिचं नवं औषध लागू पडेल.”

या दोघींची ही जुनीच खोड. शाळेत बकुळची चित्रकलेची परीक्षा केतकीने दिली होती आणि केतकीची पोहण्याची बकुळने. कधीच पकडल्या गेल्या नाहीत, म्हणून आपण कधीच पकडल्या जाणार नाही, यावर दोघींचा पक्का विश्वास.

“तुला पिंपळाची पानं आठवतात?” मी विचारलं. “सातवीत आपण पाण्यात कुजवली होती, हिरवं धुऊन नुसती जाळी ठेवली होती?”

“वास आठवतो. सर, इथेपण तास घेणार का?”

मी आणखी काही म्हणणार, तोच आतून हाक आली, “बकुळ मयेकर!” आणि केतकी उठून गेली. दोन वर्षं ज्या यंत्राला ती टाळत होती, त्याच्यासमोर बहिणीसाठी मुकाट्याने हनुवटी टेकून बसली.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी दार उघडलं. “सर, तुम्ही हिला शिकवलंय ना? जरा आत या. बाईंची हरकत नसेल तर.”

केतकीने मान हलवली. चेहरा बकुळचा ठेवायचा तिचा प्रयत्न अजून चालू होता.

“बाई, तुम्ही बकुळ नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“मीच आहे की. शर्टावर लिहिलंय.”

“शर्ट बकुळचा आहे. डोळे नाहीत. तुम्ही बकुळ असाल, तर बकुळ आज डोळे घरी विसरून आली.”

केतकीने माझ्याकडे पाहिलं.

“पिंपळ,” मी म्हटलं. “एकाच फांदीची पानं आणली होतीस. आकार एक, रंग एक. जाळी मात्र एकीसारखी दुसरीची नव्हती. डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची जाळी तशीच असते. जुळ्यांचीसुद्धा वेगळी.”

“हे तुम्हाला बाहेर सांगता आलं नाही?”

“सांगत होतो. तू वासावर गेलीस.”

डॉक्टर मनापासून हसल्या. यंत्राने चोर पकडला याचं त्यांना कौतुक वाटत होतं. हसता हसता त्यांनी यंत्राच्या पडद्यावरचं चित्र खाली सरकवलं आणि त्यांचं हसू थांबलं. क्षणभर त्या वाचत राहिल्या. मग हात लांब करून त्यांनी पडदाच बंद केला.



“हे पाहा केतकी,” त्या सावकाश म्हणाल्या, “तुम्ही स्वतःची तपासणी मागितलेली नाही. ज्याने विचारलं नाही, त्याला त्याच्या शरीरातलं सांगायचा मला अधिकार नाही. तुम्ही विचारलंत तर सांगेन. नाही विचारलंत तर माझ्याकडून कोणालाही कळणार नाही.”

काही नसतं, तर त्या तसं बोलल्या नसत्या. हे त्यांनाही कळत होतं, मलाही, आणि केतकीलाही. तिने शर्टाचं वरचं बटण उगाचच लावलं.

“शर्ट वाळत घालायचाय परत,” ती म्हणाली आणि दाराकडे वळली.

“विचारायला या,” डॉक्टर मागून म्हणाल्या. “फक्त फार उशिरा येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी खरी बकुळ तपासून आली, ती थेट मुलांना कंदी पेढे वाटत. “वर्षभरात कणभरही कमी नाही! रेषेच्या वर आहे तांडेल तुमची!” होळीचा झटका आला होता खरा, पण नव्या औषधाने धागे वाचवले होते. केतकीने केलेल्या चोरीची मुळात गरजच नव्हती.

मुलं उतरली. मी काठी शोधत होतो, तेव्हा बकुळ समोर येऊन उभी राहिली.

“सर, माझ्या फाइलमध्ये कालच्या तारखेची एक नोंद आहे. ‘व्यक्ती जुळत नाही.’ काल त्या वेळेला मी तुम्हाला पलीकडे सोडत होते.”

मी पेढा तोंडात टाकला.

“आणि माझा शर्ट दोरीवर उलटा घातलेला होता. सर, पेढा गिळा आणि सांगा.”

“मी नाही सांगणार. केतकीला विचार.”

“म्हणजे केतकीच.” तिने लाँच बांधली, माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही सडा चढायला लागलो.

दुपारचं ऊन तापलं होतं. शेडनेटखाली केतकी कोय कलमं बांधत होती. कोवळं रोप वरून छाटायचं, मध्ये चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. डोक्याला ओला पंचा बांधलेला. आम्हाला बघून तिने काम थांबवलं नाही.

“माझ्या नावावर डोळे दाखवून आलीस?” बकुळ दारातूनच कडाडली. “मी काय शोकेसमधली बाहुली आहे? माझी परीक्षा मला देता येत नाही?”

“चित्रकलेची नव्हती आली देता.”

“विषय बदलू नकोस! माझं खोटं निघालं असतं आणि लाँच खडकावर गेली असती, तर? पोरं असतात त्यात, केतके!”

“माहितेय.” केतकीचा आवाज खाली आला. “सरपण तेच म्हणाले. चुकलं माझं. रात्रभर तेच डोक्यात होतं.”

बकुळचा राग इतक्या लगेच उतरला की तिला कळेना आता काय करावं. ती एका उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसली. “मग? तुझं काय दिसलं?”

“विचारलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे विचारलं नाही.” केतकीने नवी काडी उचलली आणि तासायला घेतली. तासताना तिने मान किंचित उजवीकडे वळवली, म्हणजे डावा डोळा कामाच्या जवळ आला.

ते मी पाहिलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बकुळला दिसलं. ती उठून उभी राहिली.

“मान अशी का करतेस?”

“कशी?”

“ही मान माझी आहे. पहिल्या वर्षी मी अशीच, फक्त दुसऱ्या बाजूला, मान करून सुकाणू धरायचे. किती दिवस?”

“उन्हाने होतं गं. डोळे दिपतात.”

“पंचा ओला का बांधलाय?”

केतकीने पंचा कपाळावर आणखी खाली ओढला. बकुळने शेजारच्या मोठ्या कलमाची डहाळी तिच्यासमोर धरली. त्यावर नवी पालवी होती, आंब्याची असते तशी, तांब्यासारखी लाल. बकुळने आपल्या तळव्याने केतकीचा उजवा डोळा झाकला. “कुठला रंग?”

“तांबूस.”

तळवा डाव्या डोळ्यावर गेला. “आता?”

केतकीने डहाळी आणखी जवळ ओढली. “फिका,” शेवटी ती म्हणाली. “चहात दूध जास्त झाल्यासारखा. गेल्या पावसाळ्यापासून. पण फक्त ऊन तापलं की, बकुळ. पंचा बांधला की परत नीट होतं.”

सोललेल्या धाग्याला उष्णता सोसत नाही. अंग तापलं की संदेश आणखी अडखळतो, गार झालं की वाट मोकळी होते. बकुळचा डोळा कढत पाण्याने अंघोळ केली की असाच धुरकटायचा.

“वर्षभर माहीत होतं तुला,” बकुळ हळूच म्हणाली.

“माहीत नव्हतं. वाटत होतं. म्हणून तर बघायचं नव्हतं.” केतकीने चाकू खाली ठेवला. “दर महिन्याला तुला इंजेक्शन कोण देतं? पाय जड पडला की सड्यावरून खाली कोण नेतं? आई सगळ्यांना सांगते, देवाने माझी एक तरी धडधाकट ठेवली. मी पडले तर तुझं कोण करणार?”

बकुळला हसू आलं आणि रडूही. “अगं बये, अकरा वर्षं हा आजार घेऊन मी लाँच चालवतेय की नाही? तू माझं केलंस, मी तुझं करीन. यात अवघड काय आहे?”

“आणि आईला कोण सांगणार?”

“दोघी मिळून सांगू. तिला अजून उन्हात आपण कोण ते ओळखता येत नाही. कुणाचं काय, ते समजून घेईपर्यंत निम्मं रडून झालेलं असेल.”

केतकी हसली. हसताना तिचा पंचा सुटला. मी तो उचलून बादलीतल्या पाण्यात भिजवला आणि तिच्या हातात दिला. एवढ्या संभाषणात मला करण्यासारखं तेवढंच होतं.

त्याच दिवशी ती लाँचने पलीकडे गेली, स्वतःच्या साडीत, स्वतःच्या नावाने. डॉक्टरांच्या समोर उभी राहून म्हणाली, “विचारायला आलेय.”

डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. नारिंगी गोल आणि त्यांवर रक्तवाहिन्यांच्या फांद्या. एक बकुळचं, एक केतकीचं. केतकी फांद्यांवरून बोट फिरवत राहिली. मग डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचा थर दाखवला. डाव्यापेक्षा पातळ होता, थोडासाच, पण होता. पुढच्या तपासण्या कराव्या लागतील, त्या म्हणाल्या. आणि निदान पक्कं झालं, तर औषध लगेच सुरू करायचं.

“बकुळसारखं?”

“तेच औषध. पण बकुळ आली तेव्हा बरंच सोलून झालं होतं. तुम्ही खूप लवकर आलात. इतक्या लवकर आलेल्यांपैकी बहुतेकांचं इथेच थांबतं. शंभर टक्के शब्द मी देत नाही.”

“पालवीचा रंग परत येईल?”

“थोडा येईल. उरलेला तुमचा डावा डोळा शिकवेल उजव्याला.”

“तुम्ही आमच्या सरांसारखं बोलायला लागलात,” केतकी म्हणाली.

तपासण्या झाल्या. निदान पक्कं झालं. आईला दोघींनी मिळून सांगितलं. आई रडली, मग उठून दोघींसाठी घावणे केले आणि चुकून केतकीचा नारळाचा रस बकुळला वाढला.

औषधाचा पहिला दिवस होता, तेव्हा मला बोलावणं आलं. लाँच धक्क्याला बांधलेली. मुलं शाळेत पोचली होती. मागच्या बाकावर केतकी पदर आवळून बसलेली आणि तिच्यासमोर बकुळ, हातात इंजेक्शनचं पेन. ज्या केतकीने अकरा वर्षं बहिणीला इंजेक्शन दिलं, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“सर, हिला सांगा, सुई एवढीशीच असते,” बकुळ म्हणाली. “मला दर महिन्याला हेच सांगायची. मुंगी चावली समज म्हणायची.”

“मुंगी कुठली, इंगळी आहे ही!” केतकीने मागे सरकायला पाहिलं, पण मागे खाडी होती. “सर, तुम्ही हात धरा.”

मी हात धरला. चाकूची खूण असलेला अंगठा माझ्या तळव्यात रुतला. लाँच लाटेवर थोडी हलली. बकुळने औषधाचा फाया दंडावर फिरवला.

“घाबरतेस तर डोळे मीट,” ती म्हणाली. “मी मिटायचे.”

केतकीने डोळे मिटले. मग उघडले. मान सरळ केली आणि दोन्ही डोळ्यांनी सुईच्या टोकाकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “बघते.”